दोषशमन : एका संज्ञेचा विचार

पेरोव्हस्काइट सौरघटाचा पाठ डिचोलीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी सुरुवात पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरांपासून करतो. पाणी सावकाश आटले की मिठाचा दाणा मोठा होतो, घाईने आटले की बारीक राहतो. सौरघटातला पातळ थरही द्रावणातूनच स्फटिकरूप घेतो. घाई झाली तर दाणे लहान, त्यांच्यामधील सीमा अधिक आणि दोषही अधिक. आयोडाइडचा आयन जागेवर नसला की शेजारच्या शिशाच्या आयनाचे बंध अपुरे राहतात. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन अशा जागी अडकतो; त्याची ऊर्जा विजेऐवजी उष्णतेत जाते.

उपाय म्हणून द्रावणात थोडे पूरक रसायन मिसळतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड शिशाशी तात्पुरते जोडले जाते आणि स्फटिक बनण्याचा वेग कमी करते. थायोयुरियातील गंधक आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊन शिशाची उणीव भरून काढते. प्रमाण जास्त झाले, तर तेच रसायन विजेच्या वाटेत येते. २००९ मध्ये जपानमधील मियासाका यांच्या गटाने नोंदवलेली ३.८ टक्के कार्यक्षमता आज २५ टक्क्यांपलीकडे गेली आहे. त्यात अशा उपायांचाही वाटा आहे.

या क्रियेच्या इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर ‘निष्क्रियीकरण’ असे होते. ते ऐकून विद्यार्थ्याला वाटते, पदार्थच निकामी झाला. प्रत्यक्षात निष्क्रिय होतो तो दोष. थर अधिक कार्यक्षम होतो. म्हणून मी ‘दोषशमन’ हा शब्द सुचवतो. ताप शमला म्हणजे माणूस बरा झाला, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. शिक्षकांनी तो वर्गात वापरून पाहावा.