शेतातून सर्व्हरपर्यंत : व्हीपीएनला पर्याय आणि सर्वेक्षकांच्या प्रवेशाचे नियोजन

कीड-रोग सर्वेक्षणाची नोंदवही आता मोबाईलमध्ये आली आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ या सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पाचे काम सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली देशभरासाठी खुली केली. सर्वेक्षक कापसाच्या शेतात उभा राहून कामगंध सापळ्यातील पतंग मोजतो, आकडा भरतो आणि त्या आकड्यांवरून तालुक्यासाठी सल्ला तयार होतो. गुलाबी बोंडअळीचे ८ पतंग प्रति सापळा सलग ३ दिवस आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानले जाते. ८ च्या जागी ३ नोंदले गेल्यास फवारणी लांबते. ३ च्या जागी ८ नोंदले गेल्यास अनेक शेतकरी विनाकारण औषध विकत घेतात आणि मित्रकीटकांचाही नाश होतो. म्हणून हा आकडा कोणी, कोठून व कोणत्या अधिकाराने भरला, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही.

कार्यालयाबाहेरील कर्मचाऱ्याला आतील सर्व्हरपर्यंत पोहोचवण्याचा रूढ मार्ग म्हणजे व्हीपीएन. विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत अनेक संस्थांनी घाईने तो अवलंबला. आता तो बदलावा का, आणि बदलल्यास त्याच्या जागी काय आणावे, याचा विचार येथे केला आहे.

व्हीपीएन नेमके काय करते

सार्वजनिक इंटरनेटवरून जाणारी माहिती व्हीपीएन सांकेतिक रूपात बंदिस्त करते आणि बाहेरच्या संगणकाला कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्याचा भाग बनवते. यातील पहिले काम आजही उपयुक्त आहे. अडचण दुसऱ्या कामात आहे. सर्वेक्षकाला हवे असते ते नोंद भरण्याचे एकच पान. पण जाळ्यात वेगळी बंधने घातलेली नसतील, तर त्याच्या मोबाईलला वेतनाची फाईल असलेला संगणक, वाणांच्या चाचण्यांची माहिती आणि कार्यालयातील प्रिंटरसुद्धा दिसू शकतो. तो मोबाईल हरवला किंवा त्यात घातक ॲप शिरले, तर आत येणाऱ्या परक्यालाही तेवढेच सर्व दिसते.

जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत काम केलेल्यांना ही अडचण चटकन उमजेल. ट्रायकोग्रामा निर्मितीसाठी तांदळाच्या पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची, पैदास भरडलेल्या धान्यावर करतात. त्याच इमारतीत ब्रेकॉन या परोपजीवी गांधीलमाशीचीही पैदास होत असते. ब्रेकॉन शत्रू नाही; नारळावरील काळ्या डोक्याच्या अळीच्या बंदोबस्तासाठी ती मुद्दाम सोडली जाते. तीच माशी कॉर्सायराच्या खोलीत शिरली, की अळ्यांना दंश करून त्यांच्यावर अंडी घालते आणि काही आठवड्यांत पैदास बसते. म्हणूनच प्रयोगशाळेत प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार, जाळी आणि शक्यतो स्वतंत्र कर्मचारी असतो. मुख्य दारातून रीतसर आत आलेल्यालाही प्रत्येक खोलीत मुभा नसते. पारंपरिक व्हीपीएन नेमके हेच विसरते.

दुसरा दोष प्रवेशद्वाराचा आहे. व्हीपीएनचे यंत्र चोवीस तास इंटरनेटकडे तोंड करून उभे असते. त्यात त्रुटी सापडली, की सारे जग ती शोधू लागते. इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन यंत्रांतील त्रुटींचा गैरवापर होत असल्याचे दिसल्यावर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने ३१ जानेवारी २०२४ रोजी सर्व केंद्रीय कार्यालयांना ती यंत्रे २ फेब्रुवारीपर्यंत जाळ्यातून काढून टाकण्याचा आदेश दिला. तालुका पातळीवरील किती कार्यालयांना असा बदल दोन दिवसांत झेपेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

तिसरा दोष शिवारातला आहे आणि त्याची दखल कमी घेतली जाते. मोबाईलची रेंज तुटली की व्हीपीएनची जोडणीही अनेकदा तुटते. चार वेळा पासवर्ड टाकून कंटाळलेला सर्वेक्षक शेवटी सापळ्याचे आकडे कागदावर लिहितो किंवा व्हॉट्सॲपवर सहकाऱ्याला पाठवतो आणि तो सहकारी स्वतःच्या लॉगिनने ते भरतो. नोंद वेळेवर झाल्यासारखी दिसते. मात्र ती कोणी घेतली याचा पुरावा तेथेच संपतो. यात सर्वेक्षकाला दोष देणे बरोबर नाही. शेतात न चालणारी सुरक्षा शेतातले लोक वळसा घालून ओलांडणारच.

पर्यायी रचना

जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये ‘झिरो ट्रस्ट’ ही संकल्पना मांडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला. कर्मचारी कोणत्या जाळ्यात आहे यावरून विश्वास ठेवायचा नाही. तो कोण आहे, कोणते उपकरण वापरतो आणि काय मागतो, हे प्रत्येक वेळी पाहायचे, हा तिचा गाभा. प्रत्यक्षात सर्व्हरच्या पुढे एक मध्यस्थ सेवा बसवली जाते. सर्वेक्षक ॲप उघडतो, मध्यस्थ सेवा त्याची ओळख तपासते आणि केवळ नोंदीचे पान उघडून देते. मोबाईल अंतर्गत जाळ्यात येतच नाही, त्यामुळे वेतनाची फाईल त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

तरीही सॉफ्टवेअर विकत घेणे हा या कामाचा सोपा भाग आहे. कठीण भाग कागदावरचा असतो : कोणाला काय लागते याची यादी. सर्वेक्षकाला आपल्या गावांच्या नोंदी भरता याव्यात. पर्यवेक्षकाला त्या तपासता याव्यात, पण तपासलेला आकडा बदलल्यास जुना आकडाही राहावा. विषय विशेषज्ञाला जिल्ह्याचा तक्ता दिसावा, शेतकऱ्याचा मोबाईल क्रमांक दिसण्याचे कारण नाही. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व संपर्क ही वैयक्तिक माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती जपणे हे कायदेशीर कर्तव्यही ठरते. ही यादी संगणक विभागाने एकट्याने करू नये. कोणती नोंद कशासाठी लागते हे कीटकशास्त्रज्ञाला आणि कृषी सहायकालाच ठाऊक असते.

एका केंद्राचे सर्व सर्वेक्षक एकच लॉगिन वापरतात, ही पद्धत पहिल्याच दिवशी बंद करावी. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे आणि पासवर्डसोबत दुसरी ओळख असावी. एसएमएसवरील ओटीपी रेंज नसताना येत नाही आणि फसवणुकीने काढूनही घेता येतो. त्यापेक्षा मोबाईलमध्येच सांकेतिक क्रमांक तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप बरे, कारण ते नेटवर्कशिवाय चालते. ॲपने नोंद मोबाईलमध्ये सांकेतिक रूपात साठवावी आणि रेंज मिळताच स्वतःहून पाठवावी. नोंदीची वेळ मात्र शेतातली राहावी, पाठवल्याची नव्हे. कामगंध सापळ्याच्या आकड्याला तारखेशिवाय अर्थ नसतो.

जुने दार बंद करणे

मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन ही सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी खंडणीखोर सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडली. हल्लेखोर एका जुन्या व्हीपीएन खात्यातून आत शिरले होते. ते खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते, आणि त्याला पासवर्डखेरीज दुसरी तपासणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी म्हणून मोजले.

हंगामी मनुष्यबळावर चालणाऱ्या सर्वेक्षणात अशी खाती दरवर्षी मागे राहतात. सर्वेक्षकाची नेमणूक हंगामापुरती असते, आणि त्याचा प्रवेश मात्र कोणाच्या लक्षात येईपर्यंत चालू राहतो. यावर उपाय साधा आहे. खाते उघडतानाच त्यावर करार संपण्याची तारीख घालावी. मुदत वाढवायची असेल तर कोणीतरी जबाबदारीने ती वाढवावी. मोबाईल हरवल्यास कोणाला फोन करायचा, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला सांगावे आणि त्याच दिवशी त्या उपकरणाचा प्रवेश तोडावा.

बदलासाठी वेळ निवडावी लागते. कापूस पट्ट्यात जुलै ते नोव्हेंबर हा काळ टाळून उन्हाळ्यात एका तालुक्यापासून सुरुवात करावी आणि तेथे एक पंधरवडा दोन्ही मार्ग चालू ठेवावेत. पुढे त्या सर्वेक्षकांचे व्हीपीएन खाते खरोखर बंद झाले की नाही, हे प्रयत्न करून पाहावे. सर्व्हरची देखभाल करणारे, तसेच हवामान केंद्रातील जुनी उपकरणे यांच्यासाठी व्हीपीएन ठेवावे लागू शकते. त्या मोजक्या जोडण्यांना ठरावीक संगणकांपुरतेच मर्यादित करावे. कोण केव्हा आत आले याच्या नोंदी ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवस भारतातच साठवाव्या लागतात आणि सायबर घटनेची माहिती ६ तासांत द्यावी लागते. हे ६ तास रविवारीही धावतात, म्हणून कळवणाऱ्याचे नाव आधीच ठरलेले असावे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही यातील बराच भाग लागू होतो. गोदामाचा हिशेब ठेवणारा संगणक लेखापालाला घरून हाताळता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर खुला ठेवला जातो. ते व्हीपीएनपेक्षाही धोक्याचे आहे. मोठा खर्च झेपत नसल्यास किमान तो खुला मार्ग बंद करावा, हिशेबाचे सॉफ्टवेअर दुहेरी ओळखीवर न्यावे आणि काम सोडून गेलेल्या लेखापालाचे खाते, त्याचा हिशेब पूर्ण करतानाच, काढून टाकावे.