आधी पाणी, मग फरशी

पोरी, पोहण्याच्या टाकीचं काम घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत कॅटलॉग उघडतं आणि निळ्या मोझाइकवर बोट ठेवतं. तू कॅटलॉग मिटवून ठेव आणि आधी विचार, टाकी भरणार कुठल्या पाण्यानं? नळाच्या, विहिरीच्या, बोअरच्या की टँकरच्या? त्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत जाऊन तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय वरच्या थराबद्दल शब्द द्यायचा नाही. पुढची बरीच भांडणं या एका कागदानं टळतात.

सिमेंटात चुन्याचा अंश असतो आणि पाण्यात जे कमी असेल ते पाणी मिळेल तिथून घेतं. कोकणात जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मऊ आणि बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. ते पांढऱ्या प्लास्टरमधलं कॅल्शियम ओढून घेतं. तळ खरखरीत होतो, पोरांचे तळपाय सोलवटतात आणि त्या खरखरीत जागी शेवाळ असं बसतं की ब्रशनं निघत नाही. वरून पावसाळ्यात जे पाणी टाकीत पडतं त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. म्हणून कोकणातल्या मालकाला सांगायचं, पावसाळा संपला की पाणी तपासून कॅल्शियम क्लोराईड घालून कठीणपणा वर आणा. देशावर बेसाल्टातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, तिथं नेमकं उलटं घडतं. उन्हाळ्यात वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यावर पुन्हा जड पाण्याचा टँकर रिकामा होतो. मे महिन्यापर्यंत पाण्याच्या रेषेवरच्या टाइलवर पांढरी पट्टी चढते आणि हीटर असेल तर त्याच्या नळ्या आतून बुजू लागतात.

हे अंदाजानं ठरवायचं काम नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगेलिअर यांनी 1936 साली, पाणी कॅल्शियम कार्बोनेट विरघळवणार की साचवणार, हे सांगणारा निर्देशांक मांडला. सामू, तापमान, कॅल्शियम, क्षारता आणि विरघळलेले क्षार एवढ्यावर तो निघतो. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर प्लास्टर सुखरूप, बरंच उणे आलं तर पाणी प्लास्टर खाणार, अधिक आलं तर खपली धरणार. सामू 7.2 ते 7.6, क्षारता लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅम आणि कॅल्शियमचा कठीणपणा 200 ते 400 मिलिग्रॅम, हे आकडे तोंडपाठ ठेव. या आकड्यांत पाणी राखणं मालकाला जमणार नसेल, तर त्याला पांढरं प्लास्टर देऊ नकोस.

वरचे थर पिढ्यापिढ्यांनी बदलत आले, पण जुन्यातली जुनी टाकी बघ. मोहेंजोदडोची मोठी टाकी सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 2.4 मीटर खोल आहे. कडेवर उभ्या लावलेल्या विटा, सांध्यांत जिप्समचा गारा आणि विटांच्या मागे डांबराचा थर. दिसणारा थर वेगळा आणि पाणी अडवणारा थर वेगळा, हे त्या गवंड्यांना चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं. आजही लोक 'टाइल लावली की गळती थांबेल' म्हणतात तेव्हा माझा जीव तुटतो. टाइल पाणी अडवत नाही, टाइलचे सांधेही अडवत नाहीत. पाणी काँक्रीटनं आणि त्यावरच्या वॉटरप्रूफिंगनं अडवायचं असतं.

कॅलिफोर्नियातल्या हर्स्ट कॅसलची नेपच्यून टाकी ज्युलिया मॉर्गन या वास्तुविशारद बाईंनी उभारली. आत संगमरवर, भोवती खांबांच्या ओळी, पैशाला तोटा नाही. तीही पुढे गळू लागली. 2014 साली दुष्काळात ती रिकामी केली, आतली फरशी काढली, खालचं पाणी अडवणारं काम नव्यानं केलं, पुन्हा संगमरवर बसवला आणि 2018 साली ती भरली. संगमरवरात काही खोट नव्हती, खालची बाजू हरली होती. आपल्या बारवांवर हात बसलेला गवंडी मिळाला तर त्याचं कसब जरूर घे, पण त्याला एवढं समजावून सांग, की बारवेच्या बांधकामाला झरे आत येऊ द्यायचे असतात आणि आपल्याला आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं असतं.

आता जमिनीकडे ये. मुळशी-लोणावळ्याच्या उतारावर अर्धी टाकी खडकावर आणि अर्धी भरावावर बसते, आणि जिथं खडक संपून भराव सुरू होतो त्याच रेषेवर तळ तडकतो. एक तर सगळा तळ खडकावर ने, नाहीतर भरावाच्या बाजूला खडकापर्यंत खांब उतरवून घे. अधलंमधलं काही चालत नाही. काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरायचा, तोही 15-20 सेंटिमीटरच्या थरांत रोलर फिरवून. एकदम ट्रक रिकामे करून नाही.

भूजलाचा हिशेब तर स्वतः कागदावर मांडून बघ. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकी घे. भिंती आणि तळ 20 सेंटिमीटर जाड धरले तर काँक्रीट होतं ढोबळ मानानं 19 घनमीटर, म्हणजे साडेसत्तेचाळीस टनांच्या आसपास. बाहेरचं पाणी तळाच्या खालच्या पातळीपासून मीटरभर वर चढलं तर ते 50 टनांहून जास्त जोरानं टाकीला वर ढकलतं. टाकी भरलेली असताना आतलं पाणी तिला दाबून धरतं. रिकामी केली की अख्खी टाकी जमिनीतून वर उचलली जाते, पाइप तुटतात आणि मग तोडण्याशिवाय इलाज राहत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात, जमीन पाण्यानं गच्च असताना, साफसफाईसाठी टाकी उपसू द्यायची नाही. तळाखाली खडीचा थर आणि सर्वांत खोल जागी दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठेवायचाच. मालकाला हे तोंडी सांगून सोडू नकोस, पंपरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घे.

काँक्रीट ओतायचं असेल तर आयएस 3370 या मानकाप्रमाणे एम-30 च्या खाली जायचं नाही. पाइप जिथं भिंतीतून जातो तिथं पडल फ्लँज ओतकामाबरोबरच बसवायचा. नंतर भोक पाडून बसवलेला पाइप कधी ना कधी पाझरतोच. तळ आणि भिंतीच्या जोडावर वॉटरबार, आणि आतल्या कोपऱ्यात वाटा काढायचा. शटरिंगचे टाय-रॉड आरपार ठेवले असतील तर त्यांची भोकं कोण, कशानं आणि कधी भरणार, हे शटरिंग लागण्याआधी ठरव.

गनाइटचं, म्हणजे काँक्रीट फवारून भिंत उभारण्याचं, काम आलं तर त्याचा उगम लक्षात ठेव. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले, प्राण्यांची कातडी घडवलेल्या आकृत्यांवर चढवून ते जिवंतसे उभे करणारे कार्ल एकली यांनी 1907 च्या सुमारास इमारतीचा पडका गिलावा दुरुस्त करायला हवेच्या दाबानं सिमेंट फवारणारी तोफ बनवली. 1911 साली तिचं पेटंट निघालं. त्याआधी टाक्या तळघरासारख्या पाट्या लावून ओतत, म्हणून चौकोनी असत. फवारणीमुळे भिंत हवी तशी वळवता आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात गोलाईच्या टाक्यांची लाट आली. थॉमस चर्च यांनी 1948 साली डॉनेल बागेत केलेली टाकी तिच्यातली सर्वांत गाजलेली. पण फवारणीत भिंतीवर आपटून मागे उडालेली वाळू-खडी पायऱ्यांच्या आणि तळाच्या कोपऱ्यांत साचते. कामगार ती फावड्यानं परत भिंतीत भरतात. तिथं उभी राहा आणि ती बाहेर टाकायला लाव. गनाइटची टाकी पाझरली तर मी आधी त्या कोपऱ्यांतच शोधतो.

कवच तयार झालं की काहीही चढवण्याआधी पाणी भरून ठेव. सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ दे, मग मोजायला लाग. पायरीवर एक बादली ठेवून तिच्यातही टाकीइतक्याच पातळीला पाणी भर. बादलीतलं उतरलं ती वाफ, टाकीतलं त्याहून जास्त उतरलं ती गळती. या चाचणीसाठी मालक घाई करील, मुहूर्त सांगील, पाहुणे यायचे आहेत म्हणेल. चाचणी सोडायची नाही.

आता पांढऱ्या प्लास्टरचा दिवस. एक भाग पांढरं सिमेंट, दीड ते दोन भाग संगमरवराची भुकटी, जाडी 10 ते 12 मिलिमीटर. भुकटी सगळ्या टाकीपुरती एकाच खेपेची घे, नाहीतर दोन भिंतींचे दोन रंग दिसतात. काम पहाटे सुरू कर. कवच ओलसर हवं पण त्यावर पाणी चमकायला नको. सगळी टाकी एका दमात, रात्रीचा जोड कुठंही नाही. म्हणून माणसं कमी असतील तर काम पुढे ढकल. गवंडी थापीवर पाणी शिंपडून पृष्ठभाग गुळगुळीत करायला बघतो, त्याचा हात धर. त्या शिंपडलेल्या पाण्यानं वरची कातडी कमकुवत होते आणि पुढे तिथंच डाग उमटतात. लवकर घट्ट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराईड जास्त टाकलं की करडे ढग येतात, ते कुठल्याही ॲसिडनं जात नाहीत. आणि थर कडक झाल्यावर लोखंडी थापी घासत बसलं तर तिथं काळपट पट्टे राहतात. केव्हा थांबायचं हे कळणं हीच प्लास्टरच्या गवंड्याची खरी विद्या, आणि असा माणूस भेटला तर त्याला मजुरी मागेल ती दे.

प्लास्टर आवळलं की भरायला घे. नळीच्या टोकाला फडकं गुंडाळ, ती सर्वांत खोल जागी ठेव आणि टाइलच्या रेषेपर्यंत पाणी थांबू देऊ नकोस. मध्ये थांबलं की तिथं कायमचं वर्तुळ उमटतं. टँकरनं भरायची असेल तर सगळे टँकर आदल्या दिवशी बांधून ठेव. टाइलच्या टाकीला मात्र याच्या उलट नियम. ॲडेसिव्ह आणि ग्राउटला आधी दोन-तीन आठवडे दे आणि मग दिवसाला पाऊण मीटरपेक्षा जास्त चढवू नकोस. प्लास्टरला घाई आणि टाइलला सबुरी, यात गल्लत झालेल्या कितीतरी टाक्या मी पाहिल्या.

काचेचं मोझाइक घेशील तेव्हा मागे जाळी चिकटवलेलं घेऊ नकोस. जाळीचा गोंद पाण्यात मऊ पडतो आणि तुकडे सुटतात. पुढून कागद लावलेलं घे, कागद नंतर भिजवून काढता येतो आणि काचेची पाठ पूर्ण ॲडेसिव्हला चिकटते. ॲडेसिव्ह पांढरंच हवं, कारण काचेतून मागचं दिसतं. शर्यतीच्या टाकीत तर वरच्या थराची जाडी कवचाच्या मापातच धरावी लागते. 25 किंवा 50 मीटरला 1 सेंटिमीटर जास्त चालतं, एक मिलिमीटरही कमी चालत नाही.

पाणी राखायची खात्री नसलेल्या मालकासाठी मी ग्रिटची बाजू घेतो. सिमेंटात गारगोटीचे बारीक गोल खडे मिसळून वरचं सिमेंट धुऊन टाकायचं, म्हणजे पाण्याला सिमेंट कमी आणि गारगोटी जास्त लागते. गारगोटी पाण्यात विरघळत नाही. ही पद्धत ऑस्ट्रेलियातून 1980 च्या दशकात अमेरिकेत गेली आणि तिथं पांढऱ्या प्लास्टरला मागे सारू लागली. आपल्याकडच्या इमारतींच्या ग्रिट गिलाव्याचे कारागीर हे काम पटकन उचलतात. खडा गोल हवा, फोडलेला नको.

पहिला महिना टाकी तुझ्या ताब्यात ठेव. नव्या प्लास्टरमधून चुना सुटतो, सामू चढत जातो, तो रोज मोजून ॲसिडनं खाली आणायचा. ॲसिड बादलीभर पाण्यात घालून टाकीभर पसरवायचं, एका जागी ओतायचं नाही. दिवसातून दोनदा सगळ्या भिंती ब्रशनं घासायच्या. 28 दिवस मीठ नाही, हीटर नाही, आणि क्लोरिनच्या गोळ्या थेट तळावर कधीच नाहीत. त्या बहुतेक आम्लधर्मी असतात, जिथं पडतील तिथं खड्डा करतात.

शेवटचं सांगतो ते सगळ्यांत वरचं. तळाचं सक्शन एकाच जाळीवर ठेवायचं नाही. निदान दोन, एकमेकांपासून मीटरभर लांब, अंग अडकू न देणाऱ्या उंचवट्याच्या झाकणांच्या. गरम पाण्याच्या टबातल्या सक्शनला चिकटून सात वर्षांची मुलगी बुडाली, त्यावरून अमेरिकेनं पुढे 2007 साली तिच्या नावानं कायदा केला, व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा. आपल्याकडे कोणी विचारो वा न विचारो, तू तसंच कर. आणि तळ दिसला पाहिजे. हल्ली काळ्या, गडद हिरव्या दगडाची टाकी मागतात. फोटोत ती डोहासारखी सुंदर दिसते, पण तळाशी निपचित पडलेलं मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. खाजगी बंगल्यात मालकाला हे स्पष्ट समजाव, उथळ भाग तरी फिका करायला लाव. शाळेच्या, सोसायटीच्या, नगरपालिकेच्या टाकीला काळा तळ मागणारं काम आलं, तर रक्कम कितीही असो, ते घेऊ नकोस.