विरजण शेजाऱ्याकडून, व्हिडिओही शेजाऱ्याकडून!

एखादा क्रिकेटचा सामना १,००० जण एकाच वेळी इंटरनेटवर पाहत आहेत असे समजा. प्रत्येकाला दर सेकंदाला ४ मेगाबिट माहिती लागते असे धरू. ती सारी एकाच सर्व्हरने पुरवायची, तर त्याला सेकंदाला ४,००० मेगाबिट पाठवावे लागतील. हा भार हलका कसा करावा?

एक युक्ती अशी. व्हिडिओचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करावेत. असा एक तुकडा ८ मेगाबिटांचा, म्हणजेच १ मेगाबाइटचा होतो. सर्व्हर थोड्याच प्रेक्षकांना तुकडे देतो. ते पुढे इतरांना देतात. विरजणाचेही असेच असते. ज्याच्या घरी दही लागले, तो आणखी दहा घरांना विरजण देऊ शकतो. या पद्धतीला 'पिअर-टू-पिअर' म्हणतात. आपल्याजवळ कोणते तुकडे आहेत, हे यातील संगणक एकमेकांना सतत कळवीत असतात.

पण सर्व्हरचा भार उतरला म्हणजे वाहतूक कमी झाली, असे मात्र नाही! प्रत्येकाला तुकडे हवेतच. ते फक्त दुसरीकडून येतात. त्या १,००० प्रेक्षकांपैकी ५० जण एका गावातले आहेत असे माना. देणारा जोडीदार चिठ्ठ्या टाकून निवडला, तर १०० पैकी ९५ वेळा तो परगावचाच निघेल. म्हणजे गावात येणाऱ्या केबलवरून एकच तुकडा ४७-४८ वेळा येईल. तेथे सेकंदाला सुमारे १९० मेगाबिटांची गर्दी होईल.

शेजारी विरजण असताना परगावी कशाला जायचे? प्रत्येक तुकडा दोघांनीच बाहेरून आणावा आणि उरलेल्या ४८ जणांना गावातच वाटावा. मग केबलवर ८ मेगाबिटच येतील. दोघे कशासाठी, एक का नाही? कारण त्या एकाने संगणक बंद केला, तर साऱ्या गावाचा सामना थांबेल!

आता जवळचा कोण, हे संगणकाला कसे कळावे? केबलींचा नकाशा जाळे चालविणाऱ्या कंपनीजवळ असतो. तिने जवळ-दूरची माहिती पुरवावी, असा मार्ग अमेरिकेतील येल विद्यापीठातील व इतर संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. अशी माहिती देण्याघेण्याचे 'आल्टो' नावाचे नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता तुम्ही करून पाहा : गावात ५० ऐवजी ५०० प्रेक्षक असतील, तर दोन्ही रीतींनी केबलवर किती भार येईल? कोणत्या रीतीत तो बदलतच नाही?