छापा, काटा आणि चूक

टांकसाळीत चुकून वेगळं निघालेलं नाणं शोधायला प्रदर्शनातच जावं लागतं असं नाही. पर्वत पाटियाला आमच्या मामांची चहाची टपरी आहे. रात्री गल्ला मोजताना सगळे सुट्टे पैसे माझ्या हातून जातात.

आधी सोपी परीक्षा. सिंहमुद्रा सरळ दिसेल असं नाणं धरा आणि वहीचं पान उलटावं तसं उलटा. मागचा आकडाही सरळच दिसला पाहिजे. तिरका किंवा डोक्यावर उभा दिसला, तर यंत्रातला एक ठसा जागेवरून फिरलेला होता. थोडा कल असलेली नाणी बरीच सापडतात, त्यांचं फार कौतुक नको. पूर्ण उलटं मिळालं तर मात्र बाजूला ठेवा.

खरी दुर्मीळ ती 'लखी'. छापलेलं नाणं कधीकधी ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. मग तिच्या एका बाजूला नेहमीची मुद्रा आणि दुसऱ्या बाजूला तीच मुद्रा खोलगट, आरशात दिसावी तशी उलटी. म्हणजे छापा की काटा विचारायची सोयच नाही!

शिवराई हाताळलेल्यांना यात एक गंमत दिसेल. तिच्यावरच्या 'श्री राजा शिव'मधली अक्षरं बरेचदा कडेला कापलेली असतात, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा आणि घाव हाताने घातलेला. सुरतेच्या मुघल टांकसाळीतल्या रुपयांचंही तेच. तिथे याला कुणी चूक म्हणत नाही. सगळी नाणी एकसारखी निघायला लागली, तेव्हाच वेगळं नाणं 'चुकलेलं' ठरलं.

आता सालाखालची खूण पाहा. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा टिंब. कोलकात्याची खूणच नसते, आणि नेमकं हेच नाणं 'बिनखुणेचं, दुर्मीळ' म्हणून मोबाइलवर फिरतं. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेतो म्हणणारे फी मागतात. बँक असा व्यवहार करत नाही आणि कमिशनही घेत नाही, असं तिने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगितलं. तरी आमच्या गल्लीतल्या एकाने लाखाच्या आशेने आधी दोन हजार भरले. नाणं अजून त्याच्याकडेच आहे. कोलकात्याचं, साधं पाच रुपयांचं.