सातबारा कुठे राहतो?

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. दुकानं बुडाली. घराघरांतले कागद भिजून लगदा झाले. पण बागेचा सातबारा बुडाला नाही. तो कसा?

सातबाऱ्याच्या नोंदी आता दूरच्या मोठ्या संगणकात असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर लागे. तो बराच वेळ रिकामा बसे, वीज मात्र खाई. आता मुंबईच्या चाळीसारखी सोय करतात. इमारत एक, बिऱ्हाडं अनेक. एका सर्व्हरमध्ये अनेक कामं वेगवेगळी नांदतात. चाळीत शेजारचं भांडण ऐकू तरी येतं. इथं तेही येत नाही!

पण चाळच कोसळली तर? सगळी बिऱ्हाडं उघड्यावर. म्हणून आराखडा करणारा माणूस हे आधीच बघतो. वीज गेली तर? यंत्र बिघडलं तर बिऱ्हाड कुठं हलवायचं? तो दुसरं यंत्र तयार ठेवतो. नोंदींची नक्कल दुसऱ्या शहरात ठेवतो. दोन्ही एकाच नदीकाठी ठेवून कसं चालेल?

१ मे २०१८ पासून संगणकी सहीचा सातबारा मिळतो. उताऱ्याला १५ रुपये पडतात. हातात आला की वाचा. नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र. नोंद चुकली असेल, तर तिची नक्कलही चुकीचीच निघते बरं!