परदेशातील पहिले आठवडे

कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथील बौद्ध लेणी राजमाचीच्या पायथ्याशी, कल्याण-सोपारा बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारमार्गाच्या परिसरात आहेत. तेथील ब्राह्मी लेखात कण्ह याचा ‘अंतेवासी’ बलक याने काम केल्याचा उल्लेख आढळतो. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. विद्यार्जनात निवासाचे स्थान किती मोठे आहे, हे या एका शब्दातून ध्यानी येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परदेशातील प्रारंभीच्या दिवसांतही याचीच प्रचीती येते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी झाले. हार्टले हॉल या वसतिगृहातील भोजन न रुचल्याने थोड्याच दिवसांत ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना यांचा सहवास लाभला. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधाद्वारे त्यांनी एम.ए. पदवी संपादन केली. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आज अनुसूचित जातीतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाची वाट खुली झाली आहे. तथापि, व्यवस्थापनशास्त्र शिकण्यास निघालेल्या ग्रामीण विद्यार्थ्याच्या शुल्काची सोय झाली म्हणजे सारे झाले, असे नव्हे. निवास, भोजन आणि तेथील मराठी विद्यार्थ्यांचा परिचय यांची व्यवस्था प्रस्थानापूर्वीच व्हावी. शिक्षक व पंचायत सदस्यांनी यात पुढाकार घेतल्यास पहिल्या आठवड्यांतील एकाकीपणा निश्चितच हलका होईल.