कॉइल नवी, तरी ठिणगी नाही

प्रश्न: जुन्या जॉन्सन आउटबोर्डच्या दोन्ही कॉइल बदलल्या, तरी खालच्या सिलिंडरला ठिणगी नाही. नवी कॉइलच खराब असेल का?

उत्तर: कॉइलला इतक्यात दोष देऊ नका. आधी पॉइंट पाहा. नव्या पॉइंटवरही तेलकट थर असतो. कोरा कागद ओढून पुसा, गॅप ०.०२० इंच ठेवा. मग कॉइलच्या पट्ट्यांची टोकं प्लेटवरच्या उंचवट्यांशी समपातळीत आणा, नख फिरवलं तर अडू नये इतकी. आत राहिली तर ठिणगी मरते, बाहेर आली तर फ्लायव्हीलला घासतात. प्लगची वायर तांब्याच्या तारेचीच हवी, मोटारीची कार्बनवाली नको. ती कॉइलमधल्या काट्यावर नीट रुतली आहे ना? घोळ पुष्कळदा तिथेच निघतो. तरीही जमेना, तर कॉइलींची अदलाबदल करा. दोष वरच्या सिलिंडरला गेला तरच कॉइल दुकानदाराला परत करा.